काउंटरवरचा कंस

वासूभाऊ आरोंदेकर कुठल्याही दारातून सरळ आत येत नसत. उंबरठ्याशी थांबायचे, उजवा खांदा पुढे काढायचे, मान किंचित लववायचे आणि आडवे होऊन आत शिरायचे. आमच्या बँकेच्या कट्टा शाखेचं दार काही अरुंद नव्हतं. त्यातून एकदा बाजाराच्या दिवशी एक म्हैस आत आली होती आणि कुठेही न अडकता थेट मॅनेजरच्या केबिनपर्यंत पोचली होती. वासूभाऊ अंगाने काडी. तरी ते आडवेच. नव्याने बदलून आलेल्या मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांना पाठीचा काही त्रास आहे का हो?"

मी म्हटलं, "नाही साहेब. ते राजे आहेत."

साहेब घाटावरचे. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की देवळासमोर रात्रभर दशावतारी नाटक आलंच. वासूभाऊंनी तरुणपणापासून त्यात राजाची आणि राक्षसाची कामं केली. दिवसा बँक, रात्री लंका. डोक्यावर हातभर उंच मुकुट आणि दोन्ही खांद्यांवर बाहेर आलेले चमचमते दागिने, असा माणूस दारातून सरळ गेला तर अर्धा दागिना चौकटीलाच राहायचा. म्हणून आडवं व्हायची सवय. पुढे नाटक सुटलं, मुकुट पेटाऱ्यात गेला, पण वासूभाऊंचे खांदे काही आत आले नाहीत.

माझं टेबल त्यांच्या काउंटरला लागून. मी नोकरीला लागलो त्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आजपासून तू प्रधान." दशावतारात प्रधानाला काम एकच असतं. राजा जे बोलेल त्यावर 'होय महाराज' म्हणायचं. बँकेतही पगार याच कामाचा मिळतो हे मला थोड्याच दिवसांत कळलं, त्यामुळे मी पदाचा स्वीकार केला.

आमच्याशी ते साधं मालवणी बोलत. पण एकदा काउंटरला उभे राहिले की तोंडातून नाटकातली मराठी धो धो सुरू. उभे म्हणजे खरोखरच उभे. खुर्ची त्यांना वर्ज्य होती. दशावतारात सिंहासन म्हणून एक लाकडी बाक असतो आणि राजा त्यावर पाय ठेवून संवाद म्हणतो. वासूभाऊंनी टेबलाचा खालचा खण कायमचा उघडा ठेवला होता आणि त्यावर डावा पाय. दिवे गेले की दरबार भरायचा.

"प्रधानजी! आमच्या राज्यात हा अंधकार कोणी पसरविला?"

"वीज मंडळाने, महाराज."

"त्या अधमास आमच्यासमोर हजर करा!"

एकदा नेमका त्याच क्षणी गावचा लाइनमन स्लिप भरायला दारात उभा होता. तो तसाच मागच्या मागे पळाला.

मासे विकायला मालवणहून कट्ट्याच्या बाजारात येणारी पारूबाय तर केवळ वासूभाऊंसाठी बँकेत यायची असा माझा संशय आहे. ती अंगठा उठवायची. एकदा तिने डावा अंगठा पुढे केला. वासूभाऊ गरजले, "हे मत्स्यगंधे! आज हा वाम अंगुष्ठ कशास्तव?"

"मेल्या, उजव्याक सुरमयचो काटो लागलो," पारूबाय म्हणाली. "आणि मत्स्यगंधा कोणाक म्हणतस? सकाळी आंघोळ करून इलंय मी."

घरी शालूवहिनींना या राजेपणाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या म्हणत, "भाजी आणूक सांगितलंय तर प्रधान खंय तां विचारतत. मी म्हटलंय, अवो, प्रधान तेच्या घरची भाजीच आणूक गेलोहा."

पण वासूभाऊंचं नाव साऱ्या पंचक्रोशीत झालं ते एका कंसामुळे. तो किस्सा सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. रंग चढवता चढवता कंपनीचा मालक सगळ्यांना कथा सांगतो. तू कंस, तू कृष्ण, तुमची इथे गाठ पडते, वाद होतो, मग युद्ध होतं आणि कंस मरतो. मधलं बोलणं ज्याने त्याने उभ्या उभ्या रचायचं. त्या रात्री कंस वासूभाऊ आणि कृष्ण एक नवा पोरगा, गळ्याने गोड, बोलण्यात जरा कच्चा. कृष्ण म्हणाला, "हे मातुला, तुझा काळ जवळ आला आहे." कंसाने विचारलं, "का?" कृष्णाने कारण सांगितलं. कंसाने ते खोडून काढलं. कृष्णाने दुसरं सांगितलं, कंसाने तेही खोडलं. लोकांच्या टाळ्या पडू लागल्या आणि वासूभाऊंच्या अंगात कंस भिनला. कृष्ण गप्प झाला. कंस म्हणाला, "बोल गोपाळा! मी का मरू? एक कारण दे!" हार्मोनियमवाला पेंगायला लागला. पडद्याआडून मालक हात जोडून म्हणत होता, "मर रे बाबा, मर!" कंस म्हणाला, "अगोदर उत्तर!" पूर्वेला फटफटलं. लोकांना शेतावर जायचं होतं, गुरं सोडायची होती. शेवटी कंपनीने कंसाला जिवंत ठेवूनच पेटारा बांधला.

तेव्हापासून आमच्या भागात एखादं काम अर्धवट राहिलं की लोक म्हणतात, "कंस जिवंत आसा." रस्ता अर्धा डांबरी, अर्धा खडी, कंस जिवंत आसा. लग्न ठरून मोडलं, कंस जिवंत आसा.

त्यानंतर वासूभाऊंना नाटकाचं बोलावणं यायचं बंद झालं. कारण विचारलं की ते गुडघ्याला हात लावत. "गुडघे गेले रे. युद्धात नाचूक जमणा नाय." आम्ही ते खरं मानलं. जत्रेत नुसतं बघायलाही ते कधी गेले नाहीत. त्यांचं सगळं नाटक आता त्या पासबुकाच्या खिडकीवर चालायचं, आणि रोज दहा ते पाच हाऊसफुल्ल.

अशा या दरबारात कोचिंग आलं.

ब्रॉडबँड नवीन आलं होतं. लोक अजून पैसे वाचवायला मिस्ड कॉल द्यायचे. तोपर्यंत आमचं प्रशिक्षण म्हणजे कुडाळच्या हेड ऑफिसात अधूनमधून होणारं शिबिर. बाहेरून पाहुणा यायचा, त्याला नारळ द्यायचे, तो 'ग्राहक हा देव' असं सांगायचा, मग शिरा-उपमा, मग दुसरं सत्र. त्यात विकास कुणाचाच झाला नाही, पण झोप मात्र सगळ्यांची झाली. आमच्या चेअरमननी पुण्याला काहीतरी नवीन पाहिलं आणि फतवा निघाला. यापुढे प्रत्येक कर्मचाऱ्याने आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरसमोर बसायचं. पुण्याच्या कंपनीतला ज्याचा त्याचा कोच इंटरनेटवरून बोलणार, सराव करून घेणार, सगळं रेकॉर्ड होणार आणि शेवटी पडद्यावर तारे उमटणार. बोलणं, ऐकणं, समजून घेणं, प्रत्येकाला वेगळे तारे.

"आणि ज्यांची प्रगती दिसणार नाही," मॅनेजरसाहेब जरा अवघडून म्हणाले, "त्यांना काउंटरवरून काढून कुडाळला रेकॉर्ड रूममध्ये पाठवणार आहेत."

वासूभाऊंनी खणावरचा पाय खाली घेतला. "रेकॉर्ड रूमात गिराईक येतत?"

"नाही."

"कोणच येणा नाय?"

"वाळवी येते," रेडकर कॅशियर म्हणाला.

वासूभाऊ हसले नाहीत. लोकांवाचून ते कसे जगणार हा प्रश्न मलाच पडला. त्या खिडकीसमोरची रांग हेच त्यांचं उरलेलं प्रेक्षागृह होतं.

कॉम्प्युटरचं मला जरा जमायचं, त्यामुळे सगळ्यांची सेशन लावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. रेडकरला त्याच्या कोचने 'तुमचं स्वप्न काय' विचारलं, त्याने 'रविवार' असं उत्तर देऊन विषय संपवला. वासूभाऊंचा वार बुधवार. हेडफोन घालायला त्यांनी साफ नकार दिला. "कानार झाकणा घातली तर माका माझोच आवाज ऐकाक येवचो नाय. मगे राजान बोलूचा कसा?" म्हणून स्पीकर लावला, आणि त्यामुळे जे झालं ते सगळ्या शाखेने ऐकलं.

पडद्यावर एका मुलीचा चौकोनी फोटो आला. आवाज बारीक, पाठ केल्यासारखा. "नमस्कार वासुदेवजी, मी मानसी, तुमची कोच. आज कसं वाटतंय तुम्हाला?"

वासूभाऊ ताठ उभे राहिले. स्टुलावर पाय ठेवला. घसा खाकरला. "हे पुण्यनगरनिवासिनी मार्गदर्शिके! या सिंधुतीरावरील नृपाळाचा प्रणाम स्वीकार कर!"

पुण्याहून घाबरा आवाज आला, "हॅलो? लाइन बरोबर लागली आहे ना?"

"बरोबर आहे मॅडम," मी म्हटलं. "ते असेच आहेत."

"तुमची बलस्थानं कोणती, वासुदेवजी?"

"आमची जिव्हा!"

"आणि पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

या एका प्रश्नाने मात्र महाराज सिंहासनावरून खाली आले. "पाच वर्षांनी? घरी. रिटायर होतंय ना मी."

मुलगी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. मग तिने रोल प्ले म्हणजे काय ते समजावलं. ती रागावलेली ग्राहक होणार आणि वासूभाऊ कर्मचारी.

वासूभाऊंनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "म्हणजे सोंग घेऊचा?"

"होय."

"सरकारी परवानगीन?"

"हेड ऑफिसच्या खर्चाने."

इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर बोनसच्या दिवशीही पाहिला नव्हता. मानसीने बारीक आवाजात सुरुवात केली, "माझं पासबुक भरून मिळालेलं नाही. मी फार संतापले आहे."

"हा संताप?" वासूभाऊंनी कपाळाला हात लावला. "राजकन्ये, संतापाला बेंबीपासून आवाज लागतो. पुन्हा!"

तिने पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी न राहवून म्हणाले, "आता तुम्ही बसा. ग्राहक मी होतो." आणि त्यांनी असा काही ग्राहक उभा केला की रांगेतल्या एका म्हाताऱ्याने उगाचच माफी मागितली आणि बाहेरचा वॉचमन बंदूक घेऊन आत धावला. सेशन संपल्यावर पडद्यावर तारे उमटले. बोलण्याला पाच, ऐकण्याला एक.

"हो एक तारो कोणाचो?"

"तुमचाच."

"राजा ऐकणा नाय," वासूभाऊ म्हणाले. "ऐकता तो प्रधान." पण सरासरी बरी होती. काउंटर वाचत होतं.

दुसऱ्या बुधवारी मंडळी मुद्दाम वेळ साधून आली. त्यानंतरच्या बुधवारी बाकं कमी पडली. लोक पासबुकं घेऊन यायचे, पण भरायला कुणीच द्यायचं नाही. एका बुधवारी तर बँकेच्या पायरीवर जत्रेतल्यासारखा गुळात घोळवलेल्या खाज्याचा ठेला लागला, आणि मॅनेजरसाहेबांनी तो हलवायला सांगायच्या आधी पावशेर घेतलं. त्यांना खाजं फार आवडू लागलं होतं.

मानसीलाही गोडी लागली होती हे आवाजावरून कळायचं. ती आता कागद वाचल्यासारखी बोलत नसे. मध्येच 'का' ऐवजी 'कित्याक' म्हणायची आणि पारूबाय खूश होऊन स्पीकरकडे बघत म्हणायची, "शिकला गो बाय माझा!" वासूभाऊ तिला अभिनयाचे धडे द्यायचे. "समोरचा गप्प झाला की आपण तोंड उघडायचं. रिकामी जागा ठेवायची नाही. रिकामी जागा देवालाही आवडत नाही." ती 'हो, हो' म्हणायची. पण रिकामी जागा तिच्या वाट्याला यायची कुठून? अर्धा तास वासूभाऊच बोलायचे. कधी ग्राहक, कधी ग्राहकाची सासू, कधी खुद्द चेअरमन. ती पोट धरून हसायची, आम्ही टाळ्या वाजवायचो, पडद्यावर तारे उमटायचे. असं वाटायचं, हे कोचिंग संपूच नये.

मग शेवटून दुसरा बुधवार आला. सेशन आटोपलं, मंडळी पांगली. वासूभाऊ छत्री घेऊन निघाले होते. मी कॉम्प्युटर बंद करायला बसलो तर स्पीकरमधून एका पुरुषाचा आवाज आला. पलीकडून लाइन तोडायची राहून गेली होती.

"मानसी, हे काय चाललंय? कोच तू आहेस की ते?"

"सर, ते इतकं छान करतात की..."

"ते छान करतात. तू काय करतेस? सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तुझं फक्त हसणं ऐकू येतं. तुला ट्रायलवर घेतलंय, नाटक बघायला नाही. पुढच्या बुधवारी शेवटचं सेशन, मी स्वतः ऐकणार आहे. तू त्यांना शिकवताना दिसली नाहीस तर कायम करणं विसर. सरळ घरी साताऱ्याला जायचं."

"हो सर." आवाज पुन्हा पहिल्या दिवसासारखा बारीक झाला होता.

मी घाईघाईने लाइन तोडली. मागे वळून पाहिलं तर वासूभाऊ दारात आडवे उभे होते. अर्धे आत, अर्धे बाहेर. ते परत आले आणि खुर्चीवर बसले. त्यांना खुर्चीवर बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"ह्या चेडू माझ्यामुळे नोकरीक मुकतला, प्रधानजी."

"तुमच्यामुळे कसं? तुम्ही चांगलं बोलता हा काय गुन्हा झाला?"

ते एकदम उठले, माझ्यासमोर खाली बसले, उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मला वाटलं, यांना काही झालं की काय.

"बघलस? गुडघे बरे आसत माझे. पयल्यापासून बरे आसत."

"मग नाटक का सोडलंत?"

"मी खंय सोडलंय? माझ्यासमोर उभो रवाक कोण तयारच होणा नाय. त्या दिवशी माका टाळये पडले, लोक अजून सांगतत. पण त्या पोराचा तोंड जा बंद झाला ता बंदच. तेना नाटकच सोडल्यान. म्हापशाक हॉटेलात आसा म्हणतत. काय गोड गळो होतो रे तेचो." त्यांनी छत्रीची मूठ दोन्ही हातांत धरली होती. "मालक माका म्हणालो होतो, वासू, कंसान मरूचा आसता. तेच्यासाठीच तर तेका मुकुट घालतत. माका तेवा ता पटूक नाय."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून इतकं मनातलं बोलणं मी ऐकलं नव्हतं. मी आपलं व्यवहाराचं बोललो. "पण शेवटच्या सेशनला जास्त मार्क आहेत, वासूभाऊ. चेअरमनही ऐकणार आहेत. तिथे तुम्ही कमी पडलात तर कुडाळ. रेकॉर्ड रूम."

"वाळवी," ते म्हणाले, आणि आडवे होऊन निघून गेले.

शेवटच्या बुधवारी शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. खाजेवाला हजर. पारूबाय पाटी बाहेर ठेवून पहिल्या बाकावर. माणसं शेवटचा अंक बघायला आली होती. पडद्यावर फोटो आला, आणि मानसीचा आवाज इतका बारीक की मी स्पीकर वाढवला.

"वासुदेवजी, आज मी ग्राहक. माझी सही जुळत नाही म्हणून तुम्ही मला परत पाठवलंय. मी... मी संतापले आहे."

सगळे सरसावून बसले. आता गडगडाट होणार. वासूभाऊंनी स्टूल ओढलं आणि त्यावर पाय ठेवायचा सोडून ते चक्क त्यावर बसले.

"मॅडम," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "इथेच माझं चुकतं. गिऱ्हाईक रागावलं की मीही आवाज चढवतो. मग भांडण होतं. अशा वेळी करायचं काय, ते मला कळतच नाही."

पलीकडे काहीच नाही. अलीकडेही काही नाही. बाकावर कुणीतरी खाजं चावलं तेवढं ऐकू आलं. ती मुलगी गोंधळली होती. तिच्या कागदावर हे नव्हतं, आणि वासूभाऊंकडून याची तिला अपेक्षा नव्हती. कुठेतरी तिचे साहेब ऐकत बसले होते.

वासूभाऊ माइककडे वाकले आणि हळूच म्हणाले, "समोरचा गप्प झालाय, मॅडम."

बस्स, तेवढंच. तिने श्वास घेतलेला आम्हाला ऐकू आला. "वासूभाऊ," ती म्हणाली. आजवर ती वासुदेवजी म्हणायची. "आधी त्यांचं पूर्ण ऐकून घ्यायचं. ते काय म्हणतात त्यापेक्षा कशाने दुखावलेत ते शोधायचं. बघा, त्यांना सहीचा राग नाही. सगळ्या रांगेसमोर परत पाठवलं याचा राग आहे."

"असं होय? मग मी त्यांना नियम सांगू?"

"नियम नंतर. आधी बसायला सांगा."

वासूभाऊंनी करून दाखवलं आणि मुद्दाम मध्येच तोंड घातलं. तिने दुरुस्त केलं. त्यांनी दुसरीकडे चूक केली. तिने तीही पकडली. तिचा आवाज हळूहळू खाली उतरत बेंबीपर्यंत पोचत होता. वासूभाऊ इतकं वाईट काम करत होते की बघवत नव्हतं. पारूबाय मोठ्याने म्हणाली, "मेल्याक आज काय झाला?" मागून कुणीतरी उत्तर दिलं, "ताप इलोहा."

शेवटी वासूभाऊंनी ग्राहकाचं वाक्य अर्ध्यात तोडलं आणि स्पीकरमधून आवाज कडाडला, "थांबा! त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या!"

सगळी शाखा ताठ झाली. वॉचमन बंदूक घेऊन आत आला. मॅनेजरसाहेबांनी हातातलं खाजं खाली ठेवलं. मी वासूभाऊंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, तोंडभर हसू, आणि बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. ती बोलत राहिली, समजावत राहिली, मध्ये एकदा चक्क त्यांना रागे भरली. ते फक्त एवढंच म्हणत होते, "बरं. मग? आणि पुढे?" प्रधानासारखे. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी उगाचच प्रिंटरमध्ये वाकून काहीतरी शोधायला लागलो.

सेशन संपलं. लोक हिरमुसले होते. टाळी कुणीच वाजवली नाही. पारूबाय पुढे आली. "काय रे वासू? त्या एवढ्याश्या चेडवासमोर हरलस?"

"कंस मेलो, पारूबाय."

"कधी?"

"आताच. बरो मेलो."

पुढच्या आठवड्यात बातम्या आल्या. मानसी कायम झाली. तिच्या कंपनीने नव्या कोचना ऐकवायला म्हणे हेच शेवटचं सेशन निवडलं. आणि आमच्या हेड ऑफिसने शेरा मारला की इतके दिवस कोचिंग घेऊनही श्री. आरोंदेकर यांना ग्राहकाशी बोलण्याच्या प्राथमिक गोष्टी विचाराव्या लागतात, सबब त्यांना काउंटरवर ठेवू नये. मॅनेजरसाहेब लालबुंद झाले. "मी आत्ता कुडाळला फोन करतो. हा माणूस काय चीज आहे ते सांगतो त्यांना."

वासूभाऊंनी त्यांचा हात धरला. आवाज न चढवता म्हणाले, "नको सायबानू. मेल्यावर कंस उठान उभो रवलो तर कृष्णाचा काय रवता?"

साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. आता ते घाटावरचे राहिले नव्हते, त्यांना कळलं.

काउंटरवरच्या शेवटच्या दिवशी वासूभाऊंनी कुणालाही संवाद ऐकवला नाही. जो येईल त्याला बसायला सांगितलं, त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. पाच वाजता त्यांनी तो कायम उघडा असलेला खण बंद केला. दशावतारात मेलेल्या राक्षसाला कुणी उचलून नेत नाही. तो थोडा वेळ पडून राहतो, मग आपला आपण उठतो, तलवार उचलतो आणि आत जातो. वासूभाऊंनी छत्री उचलली, डबा घेतला. दाराशी थांबले. उजवा खांदा पुढे काढला, मान लववली आणि आडवे होता होता वळून म्हणाले,

"प्रधानजी, जागा रिकामी ठेवू नकोस."

मी त्यांच्या काउंटरला जाऊन उभा राहिलो.

"होय, महाराज."